दुसऱ्याच्या नावाची परात

आमच्या सासुरवाडीला, टेंभुर्णीला, माजघराच्या भिंतीवर एक लांब फळी आहे. भिण्यासारख्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. मी निजामाच्या राज्यात कारकुनी केली, त्यामुळे त्यातल्या बऱ्याचशा मला वरिष्ठ म्हणूनच भेटल्या. पण त्या फळीला मी जितका भ्यालो तितका कुणालाच भ्यालो नाही.

फळीवर तांब्यापितळेची भांडी मांडलेली असत. नुसत्या पराती अकरा. आहेराची परात म्हटली की ती जालन्याच्या एकाच गल्लीतून यायची, म्हणून अकराही परातींचा तोंडवळा एक. फरक काय तो नावाचा. आपल्याकडे आहेराचं भांडं कोणी मुकं देत नाही. छिन्नी-हातोडी घेऊन बसलेल्या माणसाकडून देणाऱ्याचं नाव, गाव आणि लग्नाची तीथ त्यावर टिंबाटिंबानं ठोकून घ्यायची, म्हणजे घेणाऱ्यानं पुढची पन्नास वर्षं भांडं घासताना आपली आठवण काढावी. घरात कार्य निघालं की ही भांडी खाली उतरत. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, फळीखाली उभ्या राहून एकेका भांड्यावर बोट ठेवत आणि मोठ्यानं विचारत, "हे कुणाचं?" मग कोणीतरी वाचून सांगे, "मच्छिंद्रमामांचं." "हे?" "श्रीपतरावांचं." मला वाटे, चार पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून बाई मुद्दाम विचारतात.

श्रीपतराव हे माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, पुष्पाबाईंचे यजमान. ते जकात नाक्यावर नोकरीला होते आणि माणसाकडे पाहतानासुद्धा याच्या गाठोड्यात काय असेल असं पाहत. फळीवर त्यांची चार भांडी होती. आमचं एकही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मी सर्वांहून निराळा म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते चौथ्या दिवशी बंद पडलं. सासूबाई आता त्याला जपमाळ अडकवत.

तर निजामी फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या संक्रांतीला माझी पत्नी सरोजिनी माहेरी गेली असताना, वीसपंचवीस बायकांसमोर पुष्पाबाईंनी फळीकडे पाहत तिला विचारलं, "सरू, तुझं भांडं कोणतं गं? तेवढं उतरवते." घरी आल्यावर दोन दिवस सरोजिनी माझ्याशी फक्त 'पाणी तापलंय' आणि 'ताट वाढलंय' एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वैशाखात विमलचं लगीन हाये. तवा एक पितळी परात द्या. साधी. पन तिच्यावर आपलं नाव घाला. मला दुसरं काही नको."

विमल ही तिची धाकटी बहीण. मागणं एका वाक्याचं होतं आणि जालन्याची ती गल्ली आमच्या घरापासून चारशे पावलांवर. शहाण्या माणसानं त्याच दिवशी संध्याकाळी काम उरकलं असतं. पण अकरा परातींशेजारी बारावी ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. श्रीपतरावांना बघताक्षणी घाम फुटावा असं काहीतरी मला हवं होतं. घड्याळापासून मी काही शिकलो नव्हतो हे इथेच लिहून ठेवतो.

छावणीच्या बाजूला रामकिसन नावाचा जुना खानसामा राहत असे. गोऱ्या पलटणी जालना सोडून गेल्या तेव्हा तो तरुण होता. साहेबांच्या मागे राहिलेले कंदील, बूट, मोडक्या खुर्च्या तो गेली तीस वर्षं विकत होता आणि त्या काही संपत नव्हत्या. एका रविवारी त्यानं गोणपाटातून एक भलीमोठी गोल थाळी काढली. परातीएवढी. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची, काठाला निळी-सोनेरी वेल आणि मधोमध एक रंगीत चित्र. अर्धी तांबडी अर्धी निळी ढाल, तिच्यावर तीन पक्षी, ढालीच्या वर लोखंडी टोप आणि टोपावर पुढचा पंजा उचलून, जीभ बाहेर काढून बसलेलं एक जनावर.

"सिंह हाये," रामकिसन म्हणाला. "साहब लोगांचं खानदानी निशान. साहेबाच्या खापरपणज्यानं कागदावर नक्शा काढून जहाजानं चीनला पाठवला. तिकडल्या कारागिरानं बराबर तसाच थाळीवर उतरवला अन् दोन सालानं माल घरी आला. अशा दोनशे थाळ्या व्हत्या. ही एक राह्यली."

माझ्या डोळ्यांपुढे श्रीपतराव उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. थाळीला मी काय दिलं ते तेव्हाही घरी सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही.

सरोजिनीनं थाळी पदरानं पुसली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे नाव कुणाचं?"

"नाव नाही, चित्र आहे."

"कुणाचं?"

"एका साहेबाच्या घराण्याचं."

"म्हंजे नावच की," ती म्हणाली आणि थाळी माझ्या हातात परत दिली. "दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं माझ्या माहेरी नेऊन देणार का तुमी?"

उत्तर शोधायला वेळ मिळावा म्हणून मी थाळी ओट्यावर नेऊन ठेवली, आणि ती चूक झाली. आमच्या शेजारी भुजंगराव राहत. धावडा गावची मोठी शेती भावांवर टाकून मुलांच्या शाळेसाठी ते जालन्यात बिऱ्हाड करून होते. त्यामुळे दिवसभर त्यांना काही काम नसे आणि आमच्या ओट्यावर काय ठेवलं आहे ते त्यांना आमच्याआधी कळे. ते आले, त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी चतुराबाई आल्या. दोघांनी थाळीभोवती बैठक मारली.

"सिंह?" भुजंगराव म्हणाले. "गिरिधरराव, आमच्या गावाकडं कडूबाचा कुत्रा हाये. हुबेहूब ह्योच."

मी म्हटलं, चीनच्या चित्रकारानं सिंह पाहिला नसेल, त्याला जमला तसा काढला.

"न्हाई पाहिला तं कामून काढला? आमी न्हाई पाहिलं ते काढत न्हाई."

चतुराबाईंचं लक्ष ढालीवरच्या पक्ष्यांवर होतं. त्या बराच वेळ पाहून म्हणाल्या, "पाखरांना पायच न्हाईत वो. बसत कुठं असतील बिचारी?" मी चष्मा लावून पाहिलं. खरंच तिन्ही पक्ष्यांना पाय नव्हते. एवढ्या मोठ्या खानदानाला पाय असलेले पक्षी का मिळू नयेत हे मला अजून समजलेलं नाही.

भुजंगरावांनी शेवटी निकाल दिला. "हे त्याहिचं देवक हाये. आपन लग्नात पानफुटीचं, कुऱ्हाडीचं देवक बशिवतो ना, तसं ह्यांचं कुत्र्याचं. दुसऱ्याचं देवक पोरीच्या मांडवात न्यायचं? बिलकुल न्हाई. आधी आपलं नाव घाला, मंग ते भांडं आपलं होतं."

सरोजिनीचा आणि त्यांचा मुद्दा एकच होता, की नाव घालायला हवं. तेव्हा भुजंगरावांनीच सुचवलं, की साहेबानं चीनला पाठवून घातलं तर आपणही तिकडंच पाठवावं. मी टपालवाल्या बाबूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, चीनला पार्सल जाऊन यायला किती दिवस लागतील. ते म्हणाले, "लग्न कोणत्या सालच्या वैशाखात आहे?" मग मी चारशे पावलं चालून गल्लीत गेलो.

धर्मराज त्या गल्लीतला सगळ्यात जुना नाव घालणारा. त्यानं थाळी मांडीवर घेतली, टिचकी मारली, तिचा आवाज ऐकला आणि ती खाली ठेवली.

"नाव घालीन," तो म्हणाला. "तांबं झालं, पितळ झालं, कासं झालं. कासं फुटतं, पन माझ्या हातून अजून फुटलं न्हाई. माती काय मोठी लागून गेली. पन हिच्यावर आधीच नाव हाये. नावावर नाव मी घालत न्हाई. आमच्या धंद्याची रीत हाये ती. चोरीची भांडी अशीच नाव बदलायला येतात."

"अरे, मालक विलायतेत आहे. मेलासुद्धा असेल."

"मंग वारसाची चिठ्ठी आना. न्हाईतर कचेरीचा कागद आना, का भांडं तुमचं हाये."

कचेरीचा कागद म्हणताच मी हसलो. कारण कचेरीत मीच बसत होतो. ती कचेरी कोणती आणि कोणत्या गावची ते सांगत नाही. आत आलेला प्रत्येक अर्ज प्रथम माझ्या टेबलावर येई. त्यावर आवक नंबर घालणं आणि त्यातली न्यूनं काढणं हे माझं काम, आणि माझा असा लौकिक होता की पहिल्या फेरीत एकही अर्ज माझ्या हातून कधी पुढे सरकला नव्हता. लोक मला दुरूनच सलाम करत आणि जवळ आल्यावर शिव्या देत.

मी सुंदर उर्दूत अर्ज लिहिला, बाहेर गेलो, दारातून आत आलो आणि तो माझ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसलो. बाकीचे तीन अहलकार, म्हणजे माझ्यासारखेच कारकून, लेखण्या खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. इतरांना मी कसा वागवतो ते त्यांना ठाऊक होतं, आता स्वतःला कसा वागवतो ते त्यांना पाहायचं होतं. मी अर्ज वाचला. न्यूनं तीन होती. पूर्वमालकाचं नाव नाही, त्याच्या वडिलांचं नाव नाही, आणि भांड्याची ओळखखूण त्रोटक. नाइलाजानं मी अर्ज मला परत केला. मला माझा फार राग आला, पण नियमाला धरून असल्यामुळे काही बोलता येईना.

दुसऱ्या फेरीत मी दोन्ही नावांपुढे 'माहीत नाही' असं लिहून ओळखखूण सविस्तर लिहिली. ढाल, टोप, तीन पक्षी बिनपायांचे, वर सिंह. अर्ज माझ्या वरच्या पेशकारसाहेबांकडे गेला. त्यांनी मला थाळीसह बोलावलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि म्हणाले, "ये शेर नहीं है."

मी म्हटलं, शेरच आहे, चिनी पद्धतीचा.

"सरकारी कागदावर मी कुत्र्याला शेर लिहू? उद्या वरून तपासणी आली तर?" त्यांनी मिसलीवर, म्हणजे फायलीवर, शेरा मारला, की जनावराबद्दल मतभेद असल्यानं ते सलोत्र्याला दाखवावं. सलोत्री म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यांच्याकडे महिनाभरात कोणी कागद पाठवला नव्हता, त्यामुळे ते आनंदानं कामाला लागले. त्यांचा अहवाल माझ्याकडेच आवक झाला, म्हणून तो मला पाठ आहे. "जनावर कुत्रा. नर. वय अंदाजे चार साल. पुढचा उजवा पंजा उचललेला, लंगडत असण्याचा संभव. जीभ बाहेर, नजर एका जागी. पिसाळल्याचा शक आहे. पंधरा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे."

पेशकारसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी थाळी मालखान्यात जमा केली, तिच्याभोवती सुतळी बांधवली आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. शिवाय तेवढ्या मुदतीत या निशाणाच्या खानदानापैकी कोणाची हरकत असेल तर हजर व्हावं, अशी नोटीस दारावर लावायला सांगितली. नोटीस लावण्याचं काम माझं. मी रोज सकाळी तिच्याखालून आत जाई आणि घोड्यावर बसलेला कोणी टोपवाला तर आला नाही ना, हे आधी पाहून घेई.

साहेब आला नाही, पण अकराव्या दिवशी धावड्याहून कडूबा आला. भुजंगरावांनी गावाकडे निरोपातून ही सगळी हकिकत कळवली होती आणि ती तिथे पोचेपर्यंत तिचं रूप बदललं होतं. "माझा कुत्रा सरकारानं बांधून ठिवला म्हन्ते," कडूबा हात जोडून म्हणाला. "दोन महिने झाले, सापडून न्हाई राह्यला." पेशकारसाहेबांनी त्याला मालखान्यात नेलं. थाळीसमोर तो उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग उठून म्हणाला, "ह्यो न्हाई. माझ्याचा डावा कान तुटका हाये." त्याचा तसा जबाब झाला, अंगठा झाला आणि तो कागदही मिसलीला जोडला गेला. जाताना तो डोळे पुसत होता. मला हसू येणार होतं ते तेव्हा आलं नाही.

या दिवसांत घरी सरोजिनीनं एकदाही विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला भाकरी वाढताना फक्त म्हणे, "वैशाख आला." मी म्हणे, "काम करून राह्यलो." तिच्यासमोर थापा मारताना मी तिच्या माहेरची भाषा बोलू लागतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

थाळी सुटली तेव्हा लग्नाला तीन दिवस होते. मोहोर मारलेला कागद घेऊन मी गल्लीत पोचलो. भुजंगराव साक्षीदार म्हणून बरोबर होते. धर्मराजानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला, कपाळाला लावला आणि उशीखाली ठेवला. मग थाळी पोत्यावर पालथी घातली. पाठीमागं नाव घालायचं ठरलं होतं, म्हणजे साहेबाचाही मान राहील आणि माझाही. मी कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून दिलं होतं, 'सौ. सरोजिनी गिरिधर'. तिचं नाव आधी घालायचं हे मी परस्परच ठरवलं होतं. पंधरा दिवस नोटिशीखालून जाताना माणसाला थोडीफार अक्कल येते.

धर्मराजानं छिन्नी टेकवली. पहिलं टिंब पडलं. आम्ही तिघांनी श्वास सोडला. दुसरं टिंब पडलं आणि थाळीच्या आत कुठेतरी बारीक आवाज झाला. काठापासून निघालेली रेघ आमच्या डोळ्यांदेखत मधोमध आली. थाळी उलटून पाहिलं, तर ती कुत्र्याच्या शेपटीपाशी थांबली होती.

धर्मराजानं हातोडी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "चाळीस सालात पहिल्यांदा." मी पैसे काढले तर त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं त्या रेघेवर पितळेचे सहा टाके मारून थाळी पक्की जोडून दिली. पाणीसुद्धा गळेना. मी विचारलं, टाक्यांवर नाव घालता येईल का. त्यानं एक टाका नखानं दाखवला. तांदळाएवढा होता. साधी परात तरी घ्यावी म्हणून मी गल्लीभर फिरलो, पण लग्नसराईची अखेरची तीथ होती आणि गल्लीत परात म्हणून उरली नव्हती.

सरोजिनी ट्रंकेत लुगडी भरत होती. मी थाळी तिच्यासमोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. अर्ज, सलोत्री, कडूबा, सगळं. इतरांना सांगताना पुढे मी या भागात पुष्कळ हशा मिळवला. ती हसली नाही. थाळी पालथी करून तिनं ती दोन टिंबं पाहिली, त्यांच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी साधी परात मागितली व्हती." एवढंच. पुन्हा लुगडी भरू लागली. मला त्या वेळी जी लाज वाटली ती घड्याळाच्या वेळी वाटली नव्हती आणि वरिष्ठांच्या शिव्या खातानाही कधी वाटली नव्हती.

लग्न झालं. दुपारी मांडवात आहेर झाला. आमच्याकडे आहेर मुक्यानं होत नाही. प्रत्येक वस्तू उचलून, कुणाची काय ते खड्या आवाजात सांगायचं, आणि ते काम मच्छिंद्रमामांकडे होतं. हे माझ्या सासूबाईंचे भाऊ, त्यांचा आवाज पलीकडच्या शिवारात जाई. श्रीपतरावांचं घंगाळ चौघांनी उचलून आणलं. त्यावर त्यांचं नाव, हुद्दा, नाक्याचं नाव, वधूवरांची नावं आणि तीथ अशा पाच ओळी होत्या आणि मामांनी त्या सावकाश वाचल्या. मग त्यांनी आमची थाळी उचलली.

"ह्ये..." त्यांनी थाळी पुढून पाहिली. मागून पाहिली. उन्हाकडे धरली. "ह्याच्यावर नाव कुठं हाये? दोन टिंबं दिसून राह्यलीत निस्ती."

"बराबर हाये," श्रीपतराव बसल्या जागेवरून म्हणाले. "गिरिधररावांनी पोरीला दोन टिंबं दिली."

मांडव हसला. मीही हसलो, कारण तशा वेळी माणूस दुसरं काय करतो. कोणीतरी म्हणालं, चिनी माती आपल्या सैपाकघरात चालायची न्हाई. कोणी म्हणालं, कुत्रं हाये त्याच्यावर आन् तेबी शिवलेलं. बायकांच्या घोळक्यात सरोजिनी नजर खाली घालून पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती आणि पुन्हा मारत होती. सासूबाई पुढे झाल्या, मामांच्या हातून थाळी घेतली आणि आत गेल्या. बहुधा गोठ्यात कोंडा भिजवायला ठेवतील असं मला वाटलं, आणि ते रास्तच होतं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. अंगणात भांड्यांचा डोंगर घासून वाळत पडला होता. त्यात घरची होती, गावातून मागून आणलेली होती, आहेराची होती. विमलला आलेल्यातली काही तिनं माहेरीच ठेवली होती. सगळी पिवळीधमक. सासूबाई मधे बसून एकेक उचलत आणि विचारत, "हे कुणाचं?" श्रीपतराव खुर्चीवर बसून वाचून सांगत. थोड्या वेळानं ते कंटाळले आणि आंघोळीला निघून गेले. सासूबाईंच्या हातात एक परात तशीच राहिली. त्या ती फिरवून फिरवून पाहत होत्या.

मी जवळच सुपारी कातरत होतो. म्हणालो, "आई, आपली घरचीच भांडी. आपल्याला माहीत नाहीत होय?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात मी आणि राखेत कोपरापर्यंत हात बुडवून बसलेली सरोजिनी, एवढेच होतो.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतं? चाळीस वर्सं झाली ह्या घरात. घासलं का सगळी एकसारखी. माझ्याच घरातलं भांडं कुणी दिलं ते मला दुसऱ्याला इचारावं लागतं. अन् कुणी नसलं का मंग बसावं असं, हातात घेऊन."

परात खाली ठेवून त्या उठल्या, आत गेल्या आणि आमची थाळी घेऊन आल्या. थाळीत पाडाचे आंबे होते. विमलनं ती नेली नव्हती. सासूबाईंनीच मागून ठेवून घेतली होती हे मला नंतर कळलं.

"ह्ये मातर मी कुणाला इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. आंब्यांच्या मधून त्यांनी एक बोट घातलं आणि टाक्यांवरून फिरवत नेलं. "डोळे मिटले तरी कळतं. एक, दोन, तीन... सहा टाके. मंग शेपूट. मंग कुत्रं. ह्ये माझ्या सरूचं."

मग त्यांनी आंबे पदरात काढून घेतले, मला फळीपाशी बोलावलं आणि थाळी अकरा परातींच्या बरोबर मधे उभी करायला लावली. श्रीपतराव आंघोळ करून आले, त्यांनी फळीकडे पाहिलं, आणि त्यांना घाम आला की ते अंग पुसायचं राहिलं होतं हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

सरोजिनी अंगणातच होती. घासून झालेला एक तांब्या ती पुन्हा घासत होती, आणि बराच वेळ घासत राहिली. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते. आयुष्यात फार थोड्या वेळा मला गप्प बसणं सुचलं, त्यातली ही एक.

परतताना बैलगाडी टेंभुर्णीची वेस ओलांडून बरीच पुढे आली. सरोजिनीच्या मांडीवर आंब्यांची टोपली होती. ती म्हणाली, "अहो, खरं सांगा. तो सिंह हाये का कुत्रा?"

गेले तीन महिने मी त्या जनावरासाठी शेजाऱ्यांशी, पेशकाराशी आणि गुरांच्या डॉक्टरांशी भांडलो होतो.

"कुत्रा," मी म्हणालो.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "आईला सिंहाचं भ्या वाटलं असतं."